दोन ठोके, तीन ठोके

घरी बांधायला घेतलेली विमाने सहसा पडत नाहीत. ती राहून जातात. कुणाच्या गॅरेजमध्ये एकच पंख उभा असतो, कुणाच्या माळ्यावर शेपटीची खोकी असतात, आणि त्यांच्याभोवती हळूहळू जुनी सायकल, बिघडलेला कूलर, पाहुण्यांच्या गाद्या असा संसार जमत जातो. ही गोष्ट मला मुकादमाने सांगितली. तो सांगत असताना त्याच्या आवाजात कसलाही खेद नव्हता, आणि तरीही त्या दिवशी मला रात्रीचे जेवण गेले नाही.

मुकादम म्हणजे माणूस नव्हे. विमानाच्या संचाबरोबर आलेली ती एक नियोजन प्रणाली होती. एक पाटीएवढा पडदा, दोन कॅमेरे आणि हत्यारांत बसवलेले बारीक कान, एवढेच तिचे शरीर. यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणणे हा माझा व्यवसाय आहे. तो एकट्याने आणि न बोलता करता येतो, म्हणून मी तो निवडला असावा. त्या प्रणालीची पुस्तिका माझ्याकडे आली तेव्हा मी तिचे नाव ‘क्रमनियोजक’ असे केले होते. बाबांनी जाता जाता टेबलावरचे पान उचलले, चष्मा कपाळावर सरकवून वाचले आणि म्हणाले, “मुकादम म्हण. लोकांना कळेल.” त्या आठवड्यातले ते त्यांचे सर्वांत मोठे वाक्य होते. महिन्याभराने त्यांनी तो संपूर्ण संच मागवला.

माझे बाबा, डॉक्टर विश्राम काळमेघ, यवतमाळात बसस्थानकाजवळ दातांचा दवाखाना चालवतात. आयुष्यभर समोरच्याचे तोंड उघडे ठेवून त्याला बोलू न देणे हा त्यांचा धंदा, असे आई म्हणते. पेशंटला खुर्चीत बसवले की ते एकच सूचना देतात: दुखले तर डावा हात वर करायचा. मग तास-तास कुणी काही बोलत नाही. घरीही त्यांचे तसेच, आणि माझेही. आई, नलिनी, अमरावतीच्या बोलक्या घरातून आली होती. “तुम्ही दोघं मिळून दिवसाला दहा शब्द बोलता,” ती म्हणायची, “त्यातले चार तर चहाचेच राहतात.”

दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये संचाची खोकी उतरली तेव्हा तिने ती मोजली नाहीत, नुसती पाहिली आणि विचारले, “हे जोडून होईपर्यंत मी राहीन ना?”

तिचा प्रश्न थट्टेचा असला तरी गणिताच्या दृष्टीने अचूक होता. संचात हजारो भाग होते, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक भाग दुसऱ्या कशाच्या तरी आधी किंवा नंतरच बसू शकत होता. तळाचा पत्रा बंद करण्यापूर्वी त्याखालून सुकाणूच्या तारा जायला हव्यात. तारा जाण्यापूर्वी त्यांच्या कप्प्या बसायला हव्यात. कप्प्या बसण्यापूर्वी फासळ्यांना रंग लागायला हवा. एवढ्या अटी पाळूनही असंख्य क्रम शिल्लक राहतात. ते नुसते तपासायला बसले तरी तपासणारा थकेल आणि विमान गंजेल. जुन्या प्रणाल्यांनी यावर एक सुंदर युक्ती शोधली होती. त्या मनातल्या मनात विमान पूर्ण झाले असे धरत आणि ते एकेक भाग काढत सोडवू लागत. जो भाग सर्वांत आधी मोकळा होतो, तो सर्वांत शेवटी बसवायचा. बांधणे म्हणजे मोडण्याची उलटी वाट.

मुकादम याच्या पुढे गेला होता. त्याला जगभरच्या पुऱ्या झालेल्या आणि राहून गेलेल्या विमानांचा इतिहास शिकवला होता, आणि त्यातून त्याला उमगले होते की भागांच्या क्रमाइतकाच माणसांचाही एक क्रम असतो. महिनोन्‌महिने एकसारखी बारीक कामे करूनही समोर विमानासारखे काही दिसले नाही, की माणूस एक दिवस शेडला कुलूप लावतो आणि ते पुन्हा उघडत नाही. म्हणून मुकादम मधूनच अगदी निरुपयोगी काम लावी. सुरुवातीच्या हिवाळ्यात त्याने आम्हांला दोन्ही आसने बसवून त्यांत बसायला सांगितले. ती नंतर पुन्हा काढावीच लागणार होती. पंख नसलेल्या, चाके नसलेल्या त्या सांगाड्यात मी आणि बाबा शेजारी शेजारी बसलो. समोर शेडची भिंत होती. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, “कुठवर आलात? पांढरकवडा गेलं का?”

बाबा भिंतीकडे गंभीरपणे पाहत म्हणाले, “खाली ढग आहेत.”

मला वाटते, त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे चार महिने काम केले.

उन्हाळ्यात बैठकीच्या खोलीत एक पंख आला, कारण शेड पुरेना. शेपटीचा आडवा भाग अंगणात चादरीवर होता. एका दुपारी मुकादमाने पडद्यावर शंका काढली: अनोळखी भाग आढळले, गोलाकार, पांढरे, संख्या वाढती, नोंद करू का? मी बाहेर जाऊन पाहिले तर तापलेल्या पत्र्यावर आईने कुरडया वाळत घातल्या होत्या. इतके छान ऊन गच्चीवरही लागत नाही, असे तिचे म्हणणे पडले. मी मुकादमाला नोंद नको म्हणून सांगितले.

आता रिपिटांविषयी सांगितले पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे. विमानाचा पत्रा फासळ्यांवर धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनिअमच्या त्या लहानशा खिळ्यांना कारखान्यात रिपीट म्हणतात. रिपीट भोकातून घालायचा, बाहेरून एकाने हवेच्या बंदुकीने त्याच्या डोक्यावर धडधड मारायचे, आणि आतून दुसऱ्याने त्याच्या शेपटावर पोलादी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळ्यावर आदळून शेपूट चपटे होते, गोल बटणासारखे, आणि दोन पत्रे कायमचे एक होतात. हे काम एकट्याला होत नाही. दोघांमध्ये पत्रा असतो, म्हणून ते एकमेकांना पाहू शकत नाहीत. बंदुकीच्या आवाजामुळे कानांवर संरक्षक असतात, म्हणून ऐकूही शकत नाहीत. रिपीट कसा बसला हे फक्त आतल्याला दिसते. तो ठोकळ्याने पत्र्यावर ठोके देऊन कळवतो. एक ठोका म्हणजे आणखी मार. दोन म्हणजे ठीक, पुढे चल. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक.

ही भाषा मला शिकायला एक दिवसही लागला नाही. इतके दिवस मी अशाच भाषेच्या शोधात होतो असे मला वाटले. मी शेपटीच्या पोकळीत आडवा होऊन ठोकळा धरी आणि बाबा बाहेरून बंदूक चालवत. कधी कधी तासभर आमच्यात दोन ठोक्यांखेरीज काही होत नसे. आणि तरी संध्याकाळी जेवताना मला वाटे, आज आम्ही पुष्कळ बोललो.

बंदुकीतला कान प्रत्येक रिपिटाचा नाद ऐके. घट्ट बसलेल्या रिपिटाचा शेवटचा सूर कोरडा आणि आखूड असतो. सैल बसलेला किंचित लांबतो. काही आठवड्यांत मुकादमाला आमचे हात आवाजावरून ओळखू येऊ लागले. पोळ्याच्या सुमारास त्याने जागा बदलल्या: मी बाहेर बंदुकीवर, बाबा आत ठोकळ्यावर. कारण दिले नाही. मीही विचारले नाही. बाबा आधीच आत सरकत होते. दातांच्या डॉक्टरला अंधाऱ्या पोकळीत काम करण्याची सवय असते, असे मी स्वतःला सांगितले. आई हल्ली बाबांचा चहाचा कप अर्धाच भरत होती, हेही मी पाहिले होते, आणि त्याचेही काही कारण स्वतःला सांगितले असणार.

मग तीन ठोके येऊ लागले.

आधी क्वचित, नंतर रोज. दोन स्पष्ट ठोके आणि पाठोपाठ तिसरा, हलका. मी बंदूक ठेवी, ड्रिल घेई आणि तो रिपीट काढून टाकी. काढलेले रिपीट बाबा आतून गोळा करून दवाखान्यातल्या वाटोळ्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवत, जसे काढलेले दात ठेवतात. काढताना भोक किंचित मोठे होते. फार वेळा काढले तर तो पत्राच बाद होतो. मला वाटले माझीच बंदूक वाकडी पडते आहे. मी मनगट घट्ट केले, श्वास धरून मारू लागलो. तीन ठोके येतच राहिले. बाबांना हाक मारून काय चुकते आहे ते विचारावे, हे इतके सोपे काम मला सुचले नाही असे नाही. ते मी उद्यावर ढकलत राहिलो.

एका सकाळी मुकादमाने नवा क्रम मांडला. शेपटी बंद करण्याचे काम त्याने अलीकडे ओढले होते आणि त्या कामासमोर बाबांचे नाव नव्हते. ठोकळा धरायला नागपूरहून भाड्याने एक यांत्रिक हात येणार होता. त्यानंतरच्या कामांतही बाबांचे नाव कुठेच नव्हते. विमान ठरल्यापेक्षा बरेच आधी पूर्ण होत होते. मुख्य बांधणीकार म्हणून बाबांनी त्या क्रमाला संमती दिली होती. माझी बाकी होती.

मी पडद्यासमोर उभा राहून विचारले, हे का?

“ज्या व्यक्तीविषयी माहिती आहे, तिच्या परवानगीशिवाय ती मी दुसऱ्याला देत नाही,” मुकादम म्हणाला.

हे वाक्य मीच मराठीत आणले होते. पुस्तिकेत ते किती निरुपद्रवी दिसले होते. आता त्याचा अर्थ एकच होत होता: बाबांविषयी काहीतरी आहे, ते यंत्राला ठाऊक आहे, बाबांना ठाऊक आहे, आणि मला नाही.

मी शेपटीजवळ जाऊन बसलो. ट्रे तिथेच होता. हातांना काहीतरी हवे म्हणून मी एक रिपीट उचलला. ड्रिलने त्याचे डोके उडाले होते, पण शेपूट शाबूत होते: गोल, सपाट, कडा सारख्या. दुसरा उचलला, तोही तसाच. मी सगळा ट्रे मांडीवर ओतला आणि एकेक पाहत गेलो. बिघडलेला एकही नव्हता. कित्येक दिवस मी चांगले दात उपटत होतो.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर मी ट्रे घेऊन दवाखान्यात गेलो. बाबा हात धूत होते. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी पेशंटच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी सवयीने वरचा दिवा माझ्या चेहऱ्यावर ओढला, मग ट्रे पाहिला आणि स्टुलावर बसले.

“हे सगळे चांगले होते,” मी म्हणालो.

त्यांनी चिमट्याने एक रिपीट उचलला, दिव्याखाली फिरवला. “हो. चांगले होते.”

“मग मला काढायला का लावलेत?”

“मी दोनच ठोके देत होतो.” त्यांनी रिपीट हळूच परत ठेवला. “तिसरा माझा नव्हता.”

मग त्यांनी उजवा हात गुडघ्यावर सैल सोडला आणि मला पाहू दिला. काही क्षण तो स्वस्थ होता. नंतर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासू लागली, जणू चिमूटभर मीठ सोडत आहेत. बाबा त्या हाताकडे दुसऱ्या कुणाच्या हाताकडे पाहावे तसे पाहत होते. बंदूक त्यांच्याकडे होती तेव्हा दोन रिपिटांच्या मधल्या विश्रांतीत मुकादमाने ही थरथर ऐकली होती आणि एका सकाळी फक्त त्यांना सांगितली होती: डॉक्टरांना दाखवा. मध्यंतरी परिषदेला जातो असे सांगून ते नागपूरला गेले होते, ते त्यासाठी. मेंदूतले एक रसायन कमी पडू लागले आहे. आजार सावकाश चालणारा आहे, गोळ्यांना दाद देतो, बरा होत नाही. आईला ठाऊक होते. दाढा काढण्याचे काम त्यांनी तेव्हाच आपल्या मदतनीस डॉक्टरीणबाईंकडे सोपवले होते.

“गंमत अशी आहे,” ते म्हणाले, आणि पेशंटला एक्स-रे समजावून सांगावा तसा त्यांचा स्वर झाला, “की हा हात कामात थरथरत नाही. रिकामा असला की थरथरतो. ठोकळा दाबून धरलेला असतो तेव्हा दगड असतो, दगड. रिपीट बसतो, दोन ठोके देतो, आणि हात सैल सोडला की ठोकळा आपोआप आणखी एकदा लागतो.”

म्हणजे काम बिघडले नव्हते. काम झाल्याची खूण तेवढी बिघडली होती.

“मला सांगायला हवं होतं, बाबा.”

“आतून? तू कानाला ते लावून उभा.” त्यांनी ट्रे बाजूला सरकवला. “आणि सवय कुठे आहे आपल्याला. आज सांगू, उद्या सांगू, म्हणून तू काढत राहिलास, मी वेचत राहिलो. मग मुकादमाने विचारलं, माझ्या जागी यंत्राचा हात लावू का, तर म्हटलं ठीक आहे. पुढचं तू कर. यंत्राचा हात तिसरा ठोका देणार नाही.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विद्यार्थी असताना ते एन.सी.सी.त इंजिन नसलेले ग्लायडर उडवायला शिकले होते, एवढे मला आईकडून माहीत होते. त्या एका हिवाळ्यासाठी त्यांनी पुढची सगळी वर्षे हा संच मनात जपून ठेवला होता, आणि आता तो ट्रेमधल्या रिपिटासारखा हळूच खाली ठेवत होते. मला पुष्कळ काही म्हणायचे होते. तो क्रम मी मान्य करणार नाही. लवकर पूर्ण होणारे विमान मला नको आहे.  दिवा डोळ्यांवर होता. मी त्या खुर्चीवर बसून, काय करतो आहे हे नीटसे न कळता, डावा हात वर केला.

बाबा माझ्या हाताकडे पाहत राहिले. त्यांनी पुढे वाकून दिवा बंद केला.

“बरं,” ते म्हणाले. “थांबवू.”

आम्ही दोघे शेडमध्ये गेलो आणि बाबांनी स्वतः मुकादमाला सांगितले की काढून टाकलेले सगळे रिपीट चांगले होते. चूक खुणेची होती.

“मला प्रत्येक रिपीट चांगलाच ऐकू आला होता,” मुकादम म्हणाला. “पण आपण तो काढलात. तेव्हा चूक माझ्या ऐकण्यात आहे असे मी धरले.”

“तूही आमच्यातलाच निघालास,” बाबा म्हणाले.

मुकादमाला हे कळले नसावे. त्याने विचारले, खूण बदलायची आहे का. मी म्हणालो, हो. ठोके नकोत, तोंडाने सांगायचे. त्यासाठी कानांवर नेहमीच्या संरक्षकांऐवजी बोलणे ऐकू येणारे लावायला हवेत, आणि प्रत्येक रिपिटामागे वेळ वाढेल, असे त्याने बजावले. पत्र्याच्या कडेला वारंवार काढलेल्या भोकांसाठी जाड रिपीट लागतील, तेही येईपर्यंत थांबावे लागेल. त्याने नवा क्रम मांडला तेव्हा शेपटी बंद करण्याचे काम सर्वांत शेवटी गेले होते आणि त्यासमोर दोन नावे होती. यांत्रिक हाताची मागणी रद्द झाली. त्या रात्री आईने बाबांचा कप नेहमीइतकाच, अर्धा भरला, पण या वेळी माझ्या देखत म्हणाली, “सांडला तर सांडला. आता घरात सगळ्यांले माहीत आहे.”

सांगाडा आणि पंख गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवरच्या भाड्याच्या शेडमध्ये गेले, चाके लागली, इंजिन बसले. बैठकीची खोली रिकामी झाली तेव्हा आईला ती मोठी वाटू लागली. थंडी सुरू झाली आणि शेवटी शेपटीची पाळी आली.

पहिल्या दिवशी आम्ही तीनच शब्द वापरले. आणखी. ठीक. काढ. ‘काढ’ फारसा आलाच नाही. पण ठोक्याला स्वर नसतो आणि शब्दाला असतो, ही गोष्ट आम्ही दोघांनी विचारात घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांच्या ‘ठीक’मध्ये समाधान ऐकू आले. तिसऱ्या दिवशी ते ‘वा’ म्हणाले. मग एकदा कानावरच्या यंत्रातून त्यांचा आवाज आला, अगदी जवळून, जणू ते माझ्याच डोक्यात आडवे झाले होते.

“ग्लायडरला दोराने ओढून वर नेतात. वर गेलं की दोर सुटतो. खट्‌कन. मग काहीच आवाज नाही, सौमित्र. नुसती हवा. मला तेव्हा वाटलं होतं, माणसानं असंच राहावं. कुणाला काही सांगावं लागत नाही.”

मी बंदूक खाली धरून ऐकत होतो.

“ते चुकीचं होतं असं नाही,” ते म्हणाले. “पण तिथे वर मी एकटा होतो. मार पुढचा.”

त्यानंतर ते बोलतच राहिले. अंधारात, पाठीवर पडून, ठोकळा छातीशी धरून ते मला त्यांचा पहिला पेशंट सांगत, आईला पाहायला अमरावतीला गेले तेव्हा तिनेच विचारलेले सगळे प्रश्न सांगत. त्यांना मी दिसत नव्हतो म्हणून मलाही उत्तरे देता येऊ लागली. पुण्यात एकट्याने राहणे सोडून मी घरी का परतलो, ते मी एका पत्र्याला सांगितले आणि पत्र्यापलीकडून “हं” आले. तिथल्या खोलीत आठवडाभर ताप होता आणि कुणाला कळवावे हे सुचले नाही, एवढीच ती गोष्ट होती. बराच वेळ गेल्यावर बाबा म्हणाले, “ठीक.” ते रिपिटाविषयी होते की माझ्याविषयी, हे मी विचारले नाही. आई एकदा डबा घेऊन धावपट्टीवर आली आणि दारातच थबकली. “आत कोण आलं आहे?” तिने मला विचारले. “कवापासून कोणीतरी बोलून राहिलं.”

मुकादमाने सुरुवातीला दोनदा सुचवले की संभाषण कमी केल्यास वेग वाढेल. नंतर त्याने सुचवणे सोडले. तो शिकतो, एवढे मात्र खरे.

या सुखाच्या तळाशी काय होते हे मला विसरता येत नसे. मुकादम विमान मनात मोडत जाऊन ते कसे बांधावे हे शिकतो. बाबांच्या शरीरात कुणीतरी तोच क्रम खरोखरच चालवत होते, एकेक रिपीट काढत. पुढे काय काय सुटत जाईल हे बाबांना पाठ होते. एका दुपारी त्यांनी ते सहज सांगून टाकले: अक्षर बारीक होते, पावले आखूड पडतात, आणि आवाजही हळूहळू लहान होतो.

“आवाज?” मी विचारले.

“हो. म्हणजे आपण उशीरच केला म्हणायचा. मुकादमाला आधी विचारलं असतं, तर त्यानं बोलणं फार आधी लावलं असतं.” पत्र्यातून त्यांचे हसणे ऐकू आले. “पण लागलं ना क्रमात. राहून नाही गेलं. मार.”

मी मारला.

शेवटचा रिपीट डाव्या बाजूला, शेपटीच्या टोकाशी होता. त्या दिवशी धावपट्टीवर कोवळे ऊन होते आणि वारा मुळीच नव्हता. विमान पाहून गेलेले नागपूरचे वैमानिक पुढच्या आठवड्यात पहिले उड्डाण करणार होते; ते नीट पार पडले की उजव्या आसनावर बाबा बसणार होते. विमान चालवण्याचा परवाना त्यांना आता मिळणार नव्हता. त्यावर ते एवढेच म्हणाले होते की पेशंटच्या खुर्चीत बसायची पाळी कधी ना कधी प्रत्येक डॉक्टरवर येते.

मी बंदूक टेकवली, दाबली, सोडली. नाद कोरडा होता, आखूड. तो कानाला कळत होता. तरी मी वाट पाहिली.

“ठीक,” बाबा म्हणाले.

 आता बोलण्यासारखा एकही रिपीट शिल्लक नव्हता. शेपटीच्या आत त्यांची हालचाल ऐकू आली; आसनांमागच्या, शेपटीत शिरायच्या चौकोनातून मागे सरकत बाहेर येणे त्यांना हल्ली जमत असले तरी वेळ लागे. मी कानावरचे यंत्र काढले आणि चौकोनाशी जाऊन वाकलो. आधी ठोकळा बाहेर आला. तो मी घेतला आणि खाली ठेवला. मग त्यांचा उजवा हात आला, रिकामा, ॲल्युमिनिअमच्या भुकटीने करडा झालेला, अंगठा आणि तर्जनी चिमूटभर मीठ सोडत असलेली.

मी तो हात धरला. त्यांनी बाहेर येण्यासाठी पकड घट्ट केली आणि थरथर थांबली. माझ्या तळव्यात ती विझत गेलेली मला स्पष्ट कळली, जशी रिपीट बसल्यावर पत्र्यातली कंपने विझतात. बाबा चौकोनाच्या कडेवर बसले, पाय बाहेर सोडून. बाहेर येऊन झाले होते. हात सोडायला हरकत नव्हती. त्यांनी तो सोडला नाही, आणि मीही सोडला नाही.

पडदा उजळला. “हा टप्पा पूर्ण झाला अशी नोंद करू का?” मुकादमाने विचारले.

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मग आमच्या हातांकडे.

“थांब जरा,” ते मुकादमाला म्हणाले. “आमचं चाललं आहे अजून.”